शिवणीत गेलेले दिवस

नव्या शहराचा नमुना ऑफिसच्या मधल्या खोलीत मांडून ठेवला होता. पुठ्ठ्याची घरं, स्पंजची झाडं, छपरांवर निळ्या चकचकीत कागदाचे तुकडे म्हणजे सौरपॅनेल, आणि मागच्या टेकडीवर टाचण्यांना पाती चिकटवून केलेल्या पवनचक्क्या. पाहुणे आले की आधी बागा बघायचे, मग सायकलींचे रस्ते. काका खोलीत शिरले की त्यांची नजर थेट एका पांढऱ्या डबीवर जायची. ती डबी म्हणजे हॉस्पिटल.

काका हे ऑफिसातल्या कोणाचेच काका नव्हते. वयाने सगळ्यांत मोठे, केस पांढरे, म्हणून काका. शहराला वीज किती लागेल, किती मिळेल आणि किती साठवून ठेवावी लागेल, याचा मेळ बसवणं हे त्यांचं काम. मेळ बसवायला कठीण होता, कारण शहराची अट कडक होती. कोळसा नाही, डिझेल नाही, बाहेरून तार ओढून आणलेली वीज नाही. दिवसा ऊन, जमेल तेव्हा वारा, आणि दोन्ही रुसले तर गावकुसाबाहेरचं बॅटरीघर. हद्दीत एकही धुराडं असणार नाही, असं योजनेच्या पहिल्याच पानावर होतं. हॉस्पिटललाही जनरेटर नव्हता. त्याला स्वतःच्या तळघरात एक दिवस पुरेल एवढी बॅटरी होती. पुढची सगळी भिस्त बॅटरीघरावर.

शुक्रवारी दुपारी मंडळाची बैठक होती. तिथे मॅडम, म्हणजे मुख्य नियोजक, आराखड्यावर सही करणार होत्या. सही झाली की बॅटरीघराचा पाया खोदायला घेणार. आकार एकदा ठरला की ठरला. नंतर तो वाढवणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवत बसण्यासारखं झालं असतं.

"काका, पुन्हा डबीकडे बघताय?" बॅटरीने विचारलं.

बॅटरी हा साठवणीचा भाग सांभाळणारा तरुण इंजिनिअर. हुशार, बडबड्या, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जोरात चालणारा. नाव कोणी ठेवलं आठवत नाही, पण चिकटलं.

"मला एक सांग," काका म्हणाले. "सलग आठ-दहा दिवस ऊन नाही आणि वाराही नाही, असं झालं तर?"

"होतच नाही. गोधडी बघा की. सगळ्यांत लांब मळभ तीन दिवसांचं. आपण सोय केली पाचाची."

गोधडी म्हणजे हवामानाचं वर्ष. कुठल्याही एका खऱ्या वर्षावर शहर आखत नाहीत, कारण एखादं वर्ष फार तापतं, एखादं फार भिजतं. म्हणून मागच्या वीस-बावीस वर्षांतून सगळ्यांत साधा, नेमस्त असा एकेक महिना निवडतात, या वर्षाचा हा, त्या वर्षाचा तो, आणि बारा महिने जोडून एक वर्ष शिवतात. जोड दिसू नये म्हणून महिन्याच्या टोकाचे काही तास घासून सारखे करतात. सगळीकडे अशीच पद्धत आहे. काकांनी जन्मभर अशाच गोधड्यांवर काम केलं होतं आणि त्यांना कधी शंका आली नव्हती.

शंका आली ती त्या आठवड्यात. महिन्याच्या शेवटच्या दिवसांचे आकडे तपासत असताना त्यांनी सहज, म्हणजे अगदी सहज नव्हे, आपले दिवस शोधले. गेल्या वर्षीचे, बायको हॉस्पिटलात होती ते. महिना संपता संपता तिला दाखल केलं होतं आणि दुसरा महिना लागल्यावर ती गेली. त्या सबंध काळात खिडकीबाहेर करड्या कापडासारखं आभाळ होतं आणि समोरच्या झाडाचं पान हललं नव्हतं. काकांना ते पक्कं आठवत होतं, कारण तिच्या उशाशी बसून बघायला दुसरं काही नव्हतं. पण गोधडीत ते दिवस नव्हते. महिन्याचा शेवट एका वर्षातून घेतला होता, पुढच्याची सुरुवात भलत्याच वर्षातून. जोडावर पडणारं लांब मळभ गोधडीत कधी येणारच नव्हतं. ते नेमकं शिवणीत जाणार.

"म्हणून म्हणतो," काका म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"काका, दुधाने तोंड पोळलं म्हणून तुम्ही ताकच काय, आता पाणीसुद्धा फुंकायला लागलात," बॅटरी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं तोंड उतरलं. "माफ करा. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. म्हण. खोटं कुठे आहे?"

खोटं नव्हतंच. त्या दिवसांत एकदा भर दुपारी हॉस्पिटलातले दिवे गेले होते. जनरेटर सुरू होईपर्यंत बायकोचं श्वासाचं मशीन गप्प झालं. नर्स धावत आली, रबरी पिशवी हाताने दाबत राहिली, आणि काकांना वाटलं की आता जगातलं सगळंच बंद पडलं. मग जनरेटर खोकला, मशीन पुन्हा सुरू झालं. ती त्याने गेली नाही. दुखणंच मोठं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि काकांना ते पटलंही. पण तेव्हापासून ते घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा चाचपत, मोबाइल अर्धा भरलेला असला तरी चार्जिंगला लावत, आणि खोलीतला पंखा थांबला की उठून आधी मीटर बघत.

मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्या काकांपेक्षा खूप लहान, पण बोलणं तोलूनमापून.

"काका, रागावू नका. हे तुम्ही म्हणताय, की तुमचं दुःख म्हणतंय?"

"मलाही कळत नाही, मॅडम. म्हणून तर खरे आकडे मागवतो म्हणतोय. त्या दिवसांचे."

"मागवा. पण शुक्रवार हलणार नाही. मंडळातले निम्मे लोक वाटच बघताहेत, आम्ही कुठे अडखळतो याची. एक धुराडं आत घुसवायला त्यांना एवढंसं निमित्त पुरेल."

काकांनी हवामान केंद्राला फोन लावला. या तारखेपासून या तारखेपर्यंत, दर तासाचं ऊन, दर तासाचा वारा. गुरुवारी आकडे आले. काकांनी गोधडीतले तेवढे दिवस उसवून काढले, त्या जागी खरे दिवस घातले आणि संगणकावर शहर चालवून पाहिलं. बॅटरी खुर्ची ओढून शेजारी बसला.

पडद्यावर बॅटरीघराची रेघ उतरू लागली. पहिले दोन दिवस सावकाश, मग भराभर. चौथ्या दिवशी निम्म्याच्या खाली. सहाव्या दिवशी ती तळाकडे झुकली तेव्हा बॅटरीची बडबड थांबली.  शेवटच्या दिवशी रेघ अगदी तळाजवळ आली, आणि दुसऱ्या सकाळी झपकन वर उठली. ऊन पडलं होतं.

"पास!" बॅटरी ओरडला. "काठावर, पण पास! काका, चहा तुमच्याकडून."

काकांनी चहा पाजला. मॅडम आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. सगळ्यांना हायसं वाटलं, त्यांनाही वाटायला हवं होतं. म्हणजे नुसती भीतीच होती, ते स्वतःशी म्हणाले. बरं झालं. पण त्या ऊन पडलेल्या सकाळीत काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

घरी सासूबाई होत्या. लेकीच्या आजारपणात मदतीला म्हणून आल्या आणि नंतर राहिल्या. राहा असं काका म्हणाले नाहीत, जाते असं त्या म्हणाल्या नाहीत. दोघांचं बोलणं भाजी, औषधं आणि नळाचं पाणी यापलीकडे फारसं जात नसे. शुक्रवारी सकाळी काका ठेवणीतला सदरा घालून चहाला बसले तेव्हा सासूबाईंनी त्यांना नीट निरखून पाहिलं.

"जावईबापू, चेहरा उतरलाय की उजळलाय? मला काही अंदाज येईना."

"हिशेब जमला, आई. आज सही होणार. ते दिवससुद्धा शहर निभावून नेतंय."

"कुठले दिवस?"

काकांनी कपात पाहिलं. "हॉस्पिटलातले."

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "ते दिवस तुम्ही ऑफिसात नेलेत?"

"नुसते आकडे नेले. ऊन किती, वारा किती."

"माझी लेक नका नेऊ तिथे. चार लोक चहा पीत चघळतील."

"तिचं नाव काढलं नाही."

त्या बशी विसळून आल्या. मग सासूबाईंनाच राहवेना. "पण निभावलं म्हणता, ते कसं? मळभ तर हटता हटत नव्हतं."

"बॅटऱ्या तळाला गेल्याच होत्या. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं ना."

"कुठल्या दुसऱ्या दिवशी?"

"ती गेली त्याच्या."

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं, ऊन पडलं म्हणून? अहो, घर पाहुण्यांनी भरलेलं. चादरी धुऊन धुऊन माझे हात सोलले, आणि एक चादर वाळेल तर शपथ! दोरीवर, दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर. तुमच्या बहिणीने इस्त्री फिरवून फिरवून वाळवल्या. सगळ्या घराला कुबट वास. तुम्हाला काहीच आठवत नाही?"

काकांना आठवत नव्हतं. खूप माणसं आठवत होती, पण त्यांचे चेहरे नाहीत, आणि खिडकी तर मुळीच नाही.

"तुम्ही तर ओल्या चादरीवरच झोपलात," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "मी बदलायला आले होते. मग म्हटलं, राहू दे. यांना आत्ता ओलं काय आणि कोरडं काय."

"किती दिवस चाललं ते?"

"मी काय मोजत बसले होते? पाहुणे पांगले तरी चालूच होतं. शेवटची चादर वाळली तेव्हा घरात आपण दोघंच होतो, एवढं सांगते."

काका उठले. चहा तसाच राहिला. जिना उतरता उतरता त्यांना कळलं की काय खुपत होतं. हवामान केंद्राकडून त्यांनी ती गेली त्या तारखेपर्यंतचेच आकडे मागवले होते. पुढची तारीख त्यांच्या मनातच आली नव्हती. आणि खरे दिवस संपले की संगणक पुन्हा गोधडीवर गेला. पडद्यावर पडलेलं ते ऊन दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षाचं होतं.

रस्त्यात चालता चालताच त्यांनी फोन लावला.

"परवाच तर सांगितलं होतंत, आणि काल पाठवले," केंद्रातला माणूस म्हणाला.

"पुढचे पाहिजेत. महिनाअखेरपर्यंत."

"मग तेव्हाच नाही का सांगायचं? तुम्हीच म्हणालात, इथपर्यंत पुरे."

"हो, मीच म्हणालो. आता कृपा करा आणि लगेच पाठवा. दुपारच्या आत लागतील."

"बघतो."

"बघतो नको. पाठवा."

पलीकडच्या माणसाचा सूर बदलला. "काय झालंय? कोणी आजारी आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "अजून नाही."

ऑफिसात दाराशी फुलांच्या कुंड्या आणून ठेवल्या होत्या. बॅटरी कडक इस्त्रीच्या शर्टात नमुन्यावरची धूळ ब्रशने झटकत होता. काकांचं ऐकून त्याने ब्रश तिथेच टाकला. आकडे येईपर्यंत दोघंही पडद्यासमोर बसून राहिले. मंडळाचे लोक यायला लागले होते. बाजूच्या खोलीतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"काका, कदाचित दुसऱ्या दिवशी थोडं तरी उघडलं असेल," बॅटरी म्हणाला. "थोडंसं पुरेल. काठावर आहोत आपण."

"असेल."

"चादर वाळायला ऊन जास्त लागतं. पॅनेलला उजेड पुरतो."

"पुरतो. पण किती?"

आकडे आले. ऊन नव्हतं. उजेड होता, दिव्याच्या वातीएवढा. वारा नव्हता. बॅटरीने दिवस जोडले आणि शहर पुन्हा चालवलं.

ती गेली त्या दिवसापर्यंत रेघ कालच्यासारखीच उतरली. आज मात्र दुसऱ्या सकाळी ती वर उठली नाही. दुपारी तळाला टेकली. मग हॉस्पिटलच्या तळघरातली बॅटरी लागली आणि दुसऱ्या दिवशी तीही संपली. पडद्यावर हॉस्पिटलची ओळ लाल झाली आणि लालच राहिली, एक दिवस, दोन दिवस, मग काकांनी बघणं सोडलं. मळभ आणखी आठवडाभर होतं. तेवढे दिवस ते ओल्या चादरीवर झोपले होते.

बॅटरीने तोंडावर हात ठेवला. "आपण सही करणार होतो," तो म्हणाला.

मॅडमना बाहेर बोलावून घेतलं. त्यांनी पडदा पाहिला, पुन्हा मागे नेऊन पाहिला, मग विचारलं, "काल तर पास होतं. कालचे आकडे इथेच का संपले होते?"

बॅटरी खाली बघू लागला. सासूबाईंचं बोलणं काकांच्या कानात होतं. नका नेऊ तिथे. पण दुसरं काही सांगून भागलं नसतं. सांगितलं नाही तर ही चूक नुसती आकड्यांची वाटली असती, आणि पुन्हा कोणीतरी आपल्या सोयीच्या तारखेला थांबलं असतं.

"त्या दिवशी माझी बायको गेली," काका म्हणाले. "माझ्यापुरते ते दिवस तिथे संपले. पुढे बाहेर काय चाललं होतं ते मी बघितलं नाही. म्हणून मागवलंही नाही."

 बाजूच्या खोलीतून कोणीतरी दार किलकिलं करून घड्याळ दाखवलं. मॅडमनी हात वर केला, थांबा.

"मोठं बॅटरीघर?" त्यांनी विचारलं.

"एवढ्या दिवसांना पुरेल असं बांधायचं तर शहराएवढं होईल," बॅटरी म्हणाला.

"जनरेटर?"

"ठेवला तर योजनाच गेली. आणि एक आत आला की मागून दहा येतात."

"मग काका?"

काका गेला तासभर तेच चाचपत होते. "वीज वाढवता येत नसेल तर खर्च कमी करायचा. मळभ लागलं की पहिल्याच दिवसापासून, संपत आल्यावर नाही. आधी दुकानांची थंड हवा बंद, मग लिफ्ट, मग ट्राम दिवसाआड, मग घराघरातलं पाणी तापवणं. शहराने बसून राहायचं. सगळ्यांनी. हॉस्पिटल आणि पाण्याचे पंप सोडून."

"म्हणजे लोकांना आधीच सांगायचं, की बाबांनो, तुमचं नवंकोरं शहर अधूनमधून आठवडाभर बसून राहील?"

"हो. घर घ्यायच्या आधी सांगायचं."

"आणि तेवढ्याने भागेल?"

"माहीत नाही, मॅडम. चालवून बघावं लागेल. आणि हे एकच वर्ष नाही. सगळी वर्षं बघावी लागतील. गोधडी नाही. जशीच्या तशी."

मॅडमनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. घाबरलेला माणूस काकांना आता लगेच ओळखू येत असे. "ते मला फाडून खातील," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मॅडम उभ्या राहून बोलत होत्या. एक म्हातारे सभासद मान हलवत होते, होकार की नकार ते कळत नव्हतं. एकाने टेबलावर हात आपटला, तेवढा आवाज बाहेर आला. मग कोणीतरी खूप वेळ बोललं. बॅटरी दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. काका बसून होते. 

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"दोन महिने दिले. शिव्यांसकट," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांनी हॉस्पिटल एका तासासाठी जरी लाल दिसलं, तर धुराडं येणार. आणि मी जाणार." त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुमच्या पत्नीबद्दल मी आत काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की दिवस कमी घेतले होते, आमची चूक झाली."

काकांनी मान हलवली. सासूबाईंना मात्र सांगावं लागणार होतं की इथे दोन माणसांसमोर तिचा विषय निघाला. त्या रागावतील, रागावू देत.

बॅटरीने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "लिफ्ट दुसऱ्या दिवशी बंद की तिसऱ्या?"

"पहिल्या."

"काका, मी सहाव्या मजल्यावर घर सांगून ठेवलंय तिथे. बायको माझा जीव घेईल."

"हातीपायी धडधाकट आहेस. चढ."

"मी चढेन हो. माझी आई?"

 ते काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. लिफ्ट बंद म्हणजे सहाव्या मजल्यावरची म्हातारी माणसं आठवडाभर वरच. कोणाला डायलिसिसला जायचं असेल, कोणाची औषधं संपलेली असतील. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं.

"तिच्यासाठी काहीतरी काढू," ते म्हणाले. "लिफ्ट दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. बघू किती बसतं."

बॅटरीने मान डोलावली आणि केंद्राकडून मागवायच्या सगळ्या वर्षांची यादी उघडली. सगळ्यांत वरचं वर्ष वीसेक वर्षांपूर्वीचं होतं. काकांनी तेव्हा काय केलं होतं ते आठवून पाहिलं. नवीन घर, बायकोची नोकरी, कुठला तरी प्रवास. हवा कशी होती ते काही आठवेना. त्या वर्षी त्यांचं कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं तरी गेलं असणार.

"कुठल्या महिन्यापासून घेऊ?" बॅटरीने विचारलं.

"पहिल्यापासून," काका म्हणाले. "आणि मध्ये कुठेही थांबू नकोस."